मेणातला तुकडा

आमच्या बहिणीच्या ट्रंकेत अगदी तळाशी, तिच्या निकाहातल्या ओढणीत गुंडाळलेली एक प्लॅस्टिकची डबी आहे. डबीत काडेपेटीहून लहान असा मेणाचा ठोकळा आहे. उजेडात धरला तर पांढऱ्या मेणात तुरीच्या डाळीएवढा करडा ठिपका दिसतो. कडेला पेन्सिलीने लिहिलेला नंबर आहे. २०१६ च्या सप्टेंबरात ही डबी पुण्याहून मुंबईला, परळला आम्ही नेली. रेल्वेच्या जनरल डब्यात उभ्याने, एक हात दांडीला आणि एक हात खिशावर. त्या खिशात पैसेही होते, पण हात पैशांसाठी नव्हता.

तो ठिपका म्हणजे आमच्या भाच्याच्या डोक्यातल्या गाठीचा तुकडा.

आम्ही भवानीनगरचे. अब्बा इथल्या श्री छत्रपती सहकारी साखर कारखान्यात पॅनमन होते. आम्ही बी.एड. करून एका उर्दू शाळेत लागलो आणि वरच्या वर्गांना विज्ञान शिकवू लागलो. पुस्तक बालभारतीचेच, पण उर्दूतले. वर्गात खलिया आणि खुर्दबीन म्हणायचे, शाळा सुटली की एस.टी.त पेशी आणि सूक्ष्मदर्शक म्हणायचे, आणि घरी दखनी. तीन भाषांत राहणाऱ्या माणसाला प्रत्येक शब्द उचलून त्याच्या खाली काय आहे ते पाहायची खोड लागते. कॅन्सरला उर्दूत सरतान म्हणतात, म्हणजे खेकडा. मराठीत कर्करोग, म्हणजे पुन्हा खेकडाच. इंग्रजी शब्दाचे मूळही खेकड्यातच. हे आम्ही दर वर्षी वर्गात सांगत असू आणि मुले हसत असत. २०१६ नंतर ते सांगायचे सोडून दिले. लिहिताना आम्ही स्वतःला 'आम्ही' म्हणतो तेही उर्दूतल्या 'हम'च्या सवयीने. त्यात मोठेपणा नाही. शिवाय या प्रकरणात एकट्याचे असे काही नव्हतेच.

भाचा तेव्हा चौथीत होता, नऊ वर्षांचा. संध्याकाळी आमच्याकडे लिहायला बसे. त्या वर्षीच्या जुलैत त्याचे नुक्ते भरकटू लागले. आमच्या लिपीत नुक्त्याला फार किंमत आहे. वरचा नुक्ता खाली उतरला की 'खुदा'चा 'जुदा' होतो. याचे नुक्ते कधी अक्षराच्या पुढे पडत, कधी ओळीच्या बाहेर. आम्ही त्याचा कान पिळला. "ध्यान किधर है तेरा?" म्हणून ओरडलो. तो म्हणाला, "मामू, हाथ सुनता नहीं." आम्हाला ते उलट उत्तर वाटले. आणखी एक पिळा दिला.

दोन आठवड्यांनी तो भिंतीला हात लावून चालू लागला. सकाळी उठल्याबरोबर डोके धरायचा, उलटी करायचा, आणि उलटी झाली की दिवसभर बऱ्यापैकी असायचा. एका डॉक्टरांनी पित्त सांगितले, दुसऱ्यांनी जंत. अम्मीने नजर उतरवली, दर्ग्यावरचा धागा बांधला. आणि बी.एड.ला बालमानसशास्त्राच्या पेपरात चांगले गुण मिळवलेल्या आम्ही निदान केले, की शाळा चुकवायची नाटके आहेत.

सकाळची डोकेदुखी, उलटी आणि तोल जाणे ही तिन्ही एका मुलात एकत्र आली तर तडक डोक्याचा स्कॅन करायचा, हे आता आम्ही झोपेतही सांगू. मेंदूच्या मागच्या, खालच्या बाजूला लहान मेंदू असतो. शरीराचा तोल आणि बोटांचे बारीक काम तो सांभाळतो. तिथे गाठ वाढली की मेंदूतल्या पाण्याची वाट अडते. रात्रभर आडवे पडल्याने दाब वाढतो आणि पहाटे डोके ठणकते. हात खरोखरच ऐकत नव्हता. पोराने नऊ वर्षांच्या भाषेत अचूक लक्षण सांगितले होते आणि विज्ञानाच्या शिक्षकाने त्याबद्दल त्याचा कान पिळला होता.

पुण्यात ऑगस्टमध्ये ऑपरेशन झाले. रिपोर्टवर लिहिले होते, मेड्युलोब्लास्टोमा. लहान मुलांच्या मेंदूत होणाऱ्या घातक गाठींत ही सर्वांत जास्त आढळणारी. पुढच्या उपचारासाठी परळचे टाटा हॉस्पिटल. १९४१ पासून देशभरचे लोक जिथे येतात, तिथे बारामती-इंदापूरचे लोकही जातात. आमच्याकडे 'टाटाला नेले' एवढे म्हटले की पुढे कोणी विचारत नाही. जाताना पुण्याच्या डॉक्टरांनी काचपट्ट्या आणि मेणाचा ठोकळा हातात दिला. तिथल्या डॉक्टरांना स्वतः तपासायचा असतो म्हणाले.

दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली. टाटाचे किती रोगी त्या धर्मशाळेने सांभाळले असतील याचा हिशेब नाही. तिथे शेजारच्या कॉटवर बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यातले एक जोडपे होते, सोबत चार वर्षांचा मुलगा. त्यालाही तीच गाठ. बोलता बोलता निघाले, की हे ऊसतोडीला दर हंगामात भवानीनगरलाच येतात. कारखान्याच्या मागे कोपी घालतात. म्हणजे आम्ही रोज एस.टी.ची वाट पाहत उभे राहायचो, त्या रस्त्याने यांची टायरगाडी जायची. ओळख मात्र व्हायची होती दादरला. तो आम्हाला गुरुजी म्हणू लागला, आम्ही त्याला दादा. त्याची बायको आणि आमची बहीण एका स्टोव्हवर भाकऱ्या करू लागल्या. मुकादमाची उचल घेऊन झाली होती, ती पोराच्या तपासण्यांत संपली होती, आणि हंगाम तोंडावर होता. ती काळजी तो बोलून दाखवत नसे; रात्री कोयत्याचा हिशेब बोटांवर करत बसे.

एक दिवस दोघांच्याही हातात एकेक फॉर्म आला. मराठीत होता. आमची बहीण उर्दू शाळेत सातवी शिकलेली, तिला मराठी छापील वाचायला जड जाते. दादाला अक्षरओळखच नव्हती. तेव्हा दोन्ही फॉर्म वाचून सांगायचे काम आमच्याकडे आले. मजकूर साधारण असा, की तपासणीनंतर उरलेला गाठीचा तुकडा संशोधनासाठी वापरायला तुमची हरकत आहे काय? याचा तुमच्या रुग्णाला थेट फायदा होईलच असे नाही. नाही म्हटलेत तरी उपचारात फरक पडणार नाही. बहिणीने सही केली. दादाने आमच्याकडे पाहिले. "गुरुजी, करू का अंगठा?"

"करा," आम्ही म्हणालो. "पोरांच्या कामी येईल."

त्याने अंगठा केला. पण त्याने 'पोरांच्या' ऐकले की 'पोराच्या', हा प्रश्न त्या रात्रीपासून आमच्या मानगुटीवर बसला. मराठीतही एक ठिपका असतो डोक्यावर.

काही दिवसांनी डॉक्टरांनी समजावले, की मेड्युलोब्लास्टोमा हा एक रोग नाही. सूक्ष्मदर्शकाखाली सारख्या दिसणाऱ्या या गाठी आतून चार निरनिराळ्या प्रकारच्या असतात. एकाचे नाव विंट, दुसऱ्याचे सॉनिक हेजहॉग, उरलेल्या दोघांना नुसतेच तिसरा गट आणि चौथा गट. आमच्या भाच्याची गाठ विंट गटाची निघाली. या गटातली शंभरातली नव्वदहून अधिक मुले जगतात. दादाच्या मुलाची तिसऱ्या गटातली होती. त्यातही मिक नावाच्या जनुकाच्या प्रती वाढलेल्या. यापेक्षा वाईट प्रकार या रोगात नाही.

दोन पोरे, शेजारी कॉटवर, एकाच नावाचा रोग. एकाच ताटात खिचडी खाणारी. आम्हाला आनंद झाला होता आणि तो कुठे ठेवावा कळत नव्हते.

भाच्याला सहा आठवडे शेक दिला, खारघरला. टाटाचेच तिथे टेकडीच्या पायथ्याशी ॲक्ट्रेक नावाचे मोठे केंद्र आहे, २००२ पासूनचे. एकीकडे उपचार, एकीकडे प्रयोगशाळा. दादरहून कुर्ला, कुर्ल्याहून हार्बरची गाडी. चेहऱ्याच्या मापाची जाळी करतात, ती तोंडावर बसवून पोराला टेबलाला जखडतात, आणि मग सगळे बाहेर जातात. आत तो एकटा. बाहेर आला की गालावर जाळीचे चौकोन उमटलेले असत आणि तो आरशात पाहून म्हणे, "मामू, ग्राफ पेपर." शेक संपत आला आणि ८ नोव्हेंबरला नोटा बंद झाल्या; धर्मशाळेत चार दिवस सगळे एकमेकांच्या उधारीवर जेवले. पुढे केमोचे महिने. ते सगळे सांगत बसत नाही. ज्यांनी पाहिले त्यांना सांगायला नको.

भाचा वाचला. उंची खुंटली, एका कानाने कमी ऐकतो, शिकलेले लवकर विसरतो. लहान मेंदूवर आणि कण्यावर इतका शेक दिल्याची ती किंमत आहे. शाळेची दोन वर्षे गेली, तरी २०२५ साली दहावी झाला. दादाचा मुलगा २०१७ च्या पावसाळ्यात गेला.

त्या वर्षीच्या डिसेंबरात दादा पुन्हा भवानीनगरला आला. शाळेतून परतताना कालव्याच्या पुलावर भेटला. गाडीत वाढे भरलेले. इकडचे तिकडचे झाल्यावर विचारले, "गुरुजी, त्यो तुकडा हाय का तिथं अजून? का टाकून दिला आसंल?" आम्ही म्हणालो, ठेवतात जपून. "मग त्येचं काय करत्यात?" आम्ही संशोधन, प्रयोगशाळा असे चारदोन शब्द बोललो. ते शब्द आम्हालाच पोकळ वाटले. अंगठा आमच्या सांगण्यावरून झाला होता, आणि कशासाठी, ते आम्हाला ठाऊक नव्हते.

ही उधारी सात वर्षे राहिली. ७ ऑक्टोबर २०२४ रोजी वैद्यकशास्त्राचे नोबेल जाहीर झाले, व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुवकुन या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांना, मायक्रो-आरएनएच्या शोधासाठी. दहावीच्या वर्गात बातमी सांगायची म्हणून आम्ही वाचायला बसलो, आणि वाचता वाचता एका ठिकाणी मेड्युलोब्लास्टोमा हा शब्द आला. त्याच्या पुढे लिहिले होते खारघर.

मग दिवाळीच्या सुटीत आम्ही दुसरे काही केले नाही. आमचे इंग्रजी उर्दू शाळेतले. शब्दकोश मांडीवर घेऊन एकेक परिच्छेद सोडवला.

मायक्रो-आरएनए म्हणजे काय, हे वर्गात सांगताना आम्ही कारखाना वापरला; भवानीनगरच्या पोरांना दुसरे उदाहरण लागत नाही. कारखान्याच्या शेतकी ऑफिसात एक रजिस्टर असते. कोणत्या गटात कोणाचा ऊस, लागण कधीची, सारे त्यात. रजिस्टर ऑफिसबाहेर जात नाही. त्यावरून तोडीची चिठ्ठी निघते, चिटबॉय ती फडावर नेतो, मुकादम टोळी उतरवतो, तोड सुरू होते. पेशीत डीएनए हे रजिस्टर, संदेशवाहक आरएनए ही चिठ्ठी, आणि प्रथिने ही टोळी. आता तोड थांबवायची तर काय करायचे? रजिस्टरवरून चिठ्ठीच निघू द्यायची नाही, असेच शास्त्रज्ञ मुख्यतः धरून चालले होते. १९९३ साली या दोघांनी एक मिलिमीटर लांबीच्या किड्यात निराळेच पाहिले. त्या किड्याच्या एका जनुकातून कोणतेही प्रथिन बनत नव्हते. बनत होता फक्त बावीस अक्षरांचा आरएनएचा एक कपटा. तो कपटा वाटेतच दुसऱ्या जनुकाच्या चिठ्ठीला अक्षराला अक्षर जुळवून चिकटे, आणि चिठ्ठी निघूनही काम होत नसे. हा कपटा नसेल तर किडा वाढीच्या पहिल्या पायरीवरच अडकून पडे, त्याच त्या पेशी पुन्हा पुन्हा बनवत राही.

सात वर्षे लोकांना ती त्या किड्याचीच खोड वाटली. २००० साली रुवकुन यांच्या प्रयोगशाळेने असाच दुसरा कपटा शोधला, आणि तो किड्यापासून माणसापर्यंत सगळ्यांत निघाला. आता माणसातले असे हजाराहून जास्त कपटे ठाऊक आहेत.

मुलांच्या कॅन्सरशी याचा संबंध इथेच लागतो. मोठ्या माणसाचा कॅन्सर बहुधा वर्षानुवर्षांच्या झिजेतून, तंबाखूतून, वयातून येतो. मुलाने काय तंबाखू खाल्ली? त्याच्या गाठीतल्या पेशी वाढत्या अंगातल्याच असतात, ज्यांना 'आता पुरे, मोठे व्हा' हा निरोप पोचलेला नसतो. आणि हा निरोप द्यायचे काम या बावीस अक्षरी कपट्यांकडेही आहे. अब्बांना सांगितले तर ते लगेच म्हणाले, "पॅन में भी यहीच है. दाना बढाना कोई भी करता. रोकना आना चाहिये." तीस वर्षे पाकातला दाणा काचेवर घेऊन पाहिलेला माणूस.

आता खारघरचे. ॲक्ट्रेकमध्ये डॉ. नीलम शिरसाट यांच्या प्रयोगशाळेने मेड्युलोब्लास्टोमातले मायक्रो-आरएनए वर्षानुवर्षे तपासले. त्यांच्या शोधनिबंधांवर गोखले, पानवलकर, भारंबे अशी आडनावे दिसतात. आमच्या हजेरीपटावर शेख, मुलाणी, आतार, तांबोळी असतात. पण बारामतीच्या एस.टी.त ही सगळी आडनावे एका बाकावर बसतात, त्यामुळे वाचताना परके वाटले नाही. २०१० च्या निबंधात त्यांनी दाखवले, की विंट गटाच्या गाठींत काही मायक्रो-आरएनए इतर गटांच्या मानाने फार जास्त असतात. २०१३ च्या निबंधात मायक्रो-आरएनए आणि काही जनुके मोजून गाठ कोणत्या गटातली ते ओळखायची चाचणी मांडली. आणि ती चाचणी मेणातल्या तुकड्यावर चालते. फॉर्मॅलिन आणि मेणात मोठे आरएनए तुटून जातात, पण हे कपटे मुळातच एवढे लहान, की टिकून राहतात.

ते वाचून आम्ही उठलो आणि बहिणीकडे गेलो. ट्रंक उघडायला लावली. ती म्हणाली, काय झाले? आम्ही म्हणालो, काही नाही, पाहायचे होते.

गट कळल्याने काय होते, असे कोणी विचारील. विंट गटातली मुले इतकी बरी होतात, तर त्यांना शेक कमी देता येईल काय, हा प्रश्न डॉक्टरांपुढे आहेच. टाटाच्या डॉक्टरांनी अशा थोड्या मुलांत साऱ्या मेंदूचा आणि कण्याचा शेक गाळून पाहिला. काहींची गाठ उलटली, तेव्हा त्यांनी तो अभ्यास थांबवला आणि तसे छापूनही टाकले. आमच्या भाच्याचा कान पाहिला की वाटते, कमी शेकात भागले असते तर. आणि हा अभ्यास वाचला की वाटते, बरे झाले पूर्ण दिला.

पण आम्हाला जे हवे होते ते २०२० च्या निबंधात सापडले. त्यातल्या कपट्याचे नाव मिर-१९३ए. विंट गटाच्या गाठींत हा भरपूर असतो, तिसऱ्या गटात जवळजवळ नसतो. गंमत अशी, की तो बनवायला लावणारे जनुक म्हणजे मिक, जे स्वतःच पेशीला 'वाढ, वाढ' म्हणून हाकारते. मिकला काम करायला मॅक्स नावाचा जोडीदार लागतो. त्याच्याशिवाय त्याचे चालत नाही. मिर-१९३ए जाऊन नेमकी या मॅक्सची चिठ्ठी अडवतो. म्हणजे वाढवणाराच स्वतःचा लगामही तयार करतो. वर्गात हे सांगितले तेव्हा पाठीमागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, ये तो अच्छा इंतजाम है. फिर बिगडा कहाँ?"

बिगडा असे. तिसऱ्या गटात मिक आहे, उलट जास्तच आहे, पण मिर-१९३एच्या जनुकाच्या तोंडाशी रासायनिक खुणांचे थर बसून ते बंद झालेले असते. रजिस्टरचे ते पान फाटलेले नाही, लिहिलेलेही तसेच आहे, पण चिकटून बसले आहे, उघडत नाही. मिक कितीही हाकारो, लगामाची चिठ्ठी निघत नाही. खारघरच्या लोकांनी प्रयोगशाळेतल्या तिसऱ्या गटाच्या पेशींत हा कपटा परत आणला. त्या पेशींची वाढ मंदावली. उंदरांत गाठी करायची त्यांची ताकद घटली. आणि शेकाला त्या अधिक दाद देऊ लागल्या. त्याच प्रयोगशाळेने २०१९ साली मिर-२०४ नावाच्या दुसऱ्या कपट्याविषयीही लिहिले आहे. तिसऱ्या-चौथ्या गटातल्या ज्या गाठींत तो कमी, त्या फार आक्रमक.

म्हणजे आमच्या भाच्याच्या गाठीसारख्या गाठींत जे होते, ते दादाच्या पोराच्या गाठीसारख्या गाठींत नव्हते. भाचा केवळ त्यामुळे वाचला असे आम्ही म्हणत नाही. शास्त्रज्ञही तसे म्हणत नाहीत. विंट गाठ बरी होण्याची कारणे अनेक आहेत. त्या अभ्यासात दादाच्या पोराचाच तुकडा होता असेही आम्ही म्हणत नाही, ते कळायला मार्ग नाही. पण तशाच कोणाकोणाच्या पोरांचे तुकडे होते. त्यांच्याही बापांनी कोणाला तरी विचारले असेल, करू का अंगठा?

आणि औषध? औषध नाही. ही गोष्ट आम्ही जाणून जरा मोठ्याने लिहितो, कारण आमच्यात 'फलाण्या रोगावर इलाज सापडला' असले निरोप मोबाइलवर फार फिरतात आणि खचलेले आईबाप त्यामागे धावतात. मिर-३४ए नावाच्या कपट्याची नक्कल करून कॅन्सरच्या मोठ्या रुग्णांना देऊन पाहिली होती. रुग्णांची प्रतिकारशक्ती उलटी खवळली, काही दगावले, आणि २०१६ साली, म्हणजे आम्ही दादरला होतो त्याच वर्षी, ती चाचणी थांबवावी लागली. मेंदूच्या गाठीत तर आणखी अडचण, की रक्तातून मेंदूत सहसा काही शिरू दिले जात नाही. उंदरापासून पोरापर्यंत वाट लांब आहे.

जानेवारी २०२५ मध्ये दादाची टोळी सणसरच्या बाजूला एका फडात होती. रविवार पाहून आम्ही गेलो. तो मोळ्या बांधत होता, आता केस पिकलेले. वहिनींनी कोपीतून चहा आणला, गुळाचा. बांधावर बसून आम्ही सगळे सांगितले. रजिस्टर, चिठ्ठी, चिटबॉय, चिकटलेले पान. चिटबॉयवर तो हसला. "चिटबॉय हितंबी हाय का!" मग गप्प बसून ऐकत राहिला. मध्ये एकदाच विचारले, "म्हंजी आमच्या पोराच्यात ते पान चिकाटलेलं व्हतं?"

"त्या प्रकारच्या गाठींत तसं सापडतं. तुमच्या पोराच्या तुकड्याचं मला ठाऊक नाही."

"आन् उघडायचं औषध?"

"नाही अजून. कधी होईल ते सांगता येत नाही. होईलच असंही नाही."

त्याने मान हलवली. आम्ही आठ वर्षे पोटात ठेवलेले बाहेर काढले. म्हणालो, "दादा, त्या दिवशी मी अंगठा करा म्हणालो. पोरांच्या कामी येईल म्हणालो. तुमच्या पोराच्या, असं तुम्हाला वाटलं असेल तर…"

"न्हाई गुरुजी," तो म्हणाला. "पोरांच्याच म्हणला व्हतात तुमी. मला तवाच समाजलं व्हतं. तिला न्हवतं सांगितलं." आणि कोपीकडे पाहिले.

टायरगाडी भरून झाली होती. बैल जुंपता जुंपता त्याने विचारले, त्या चिठ्ठीला नंबर-बिंबर आहे का काही? आम्ही म्हणालो, आहे, एकशे त्र्याण्णव. लिहून द्या म्हणाला. कागद नव्हता. त्याच्याच खिशातल्या वजनाच्या पावतीच्या पाठीवर आम्ही मराठी आकड्यांत १९३ लिहिले आणि पुढे 'ए' काढला. त्याला आकडे वाचता येतात. त्याने एकदा पुटपुटून वाचले, पावतीची चौघडी घातली आणि चुन्याच्या डबीखाली चंचीत ठेवून दिली.